तीस मशीनची ऑर्डर आणि प्रोसेसर कोणाचा घ्यायचा: सुरुवात कुठून करायची ते आधी बघा

दर दोन-तीन महिन्यांनी गोव्यातल्या कंप्युटर जोडून विकणाऱ्या पोरांचा फोन येतो, फोंड्याहून नाहीतर पेडण्याहून, की दादा शाळेची तीस मशीनची ऑर्डर मिळालीय, इंटेल टाकू की एएमडी. मी विचारतो मशीनवर काय चालणार, उत्तर नसतं. बोर्ड (मदरबोर्ड, ज्यात प्रोसेसर बसतो) कुठलं मिळतंय, उत्तर नसतं. हातात फक्त प्रोसेसरचे दोन रेट आणि यूट्यूबवर बघितलेला एक बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी. मग पोरं स्वस्तातलं घेऊन टाकतात आणि सहा महिन्यांनी त्याच ऑर्डरमध्ये घरचे पैसे घालतात. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नीट सगळं लिहूनच काढतो.

डेल, एचपी, लेनोवो यांच्यासारखे मोठे मेकर प्रोसेसर बाजारात यायच्या बऱ्याच महिने आधी गुप्ततेचा करार करून सॅम्पल घेतात, त्यावर बोर्ड बनवतात, ईव्हीटी, डीव्हीटी, पीव्हीटी (इंजिनीअरिंग, डिझाइन आणि उत्पादनाची तपासणी) अशा तीन फेऱ्यांत ते तपासतात, आणि भावाची घासाघीस सोबत चालू असली तरी पुढची पिढी कधी येणार, किती नग मिळणार, बिघडलं तर कोण बघणार हे पुरवठादाराकडून आधी काढून घेतात. आपल्याला तेवढा मान कोणी देणार नाही, तीस नगांना कोण देणार, पण तोच क्रम आपण पाळू शकतो. खाली तो आपल्या मापाने लिहिलाय, आणि पायऱ्या उलटसुलट करू नका, कारण चौथीची चूक सातवीत कळते आणि तोवर पैसे गेलेले असतात.

पायरी १: मशीन काय काम करणार ते कागदावर घ्या

गिऱ्हाइकाला 'कॉन्फिगरेशन काय हवं' असं विचारू नका, तो शेजारच्या ऑफिसात बघितलेलं सांगतो. विचारायचं की सकाळी मशीन चालू केल्यावर कोण बसतं, काय उघडतं, आणि मशीनला मागे काय काय जोडलेलं असतं. टॅली, ब्राउझर, वर्ड-एक्सेल, शाळेतलं पायथन यांना कुठलाही आजचा ४ कोअरचा प्रोसेसर पुरतो, इंटेल असो की एएमडी, काडीचा फरक पडत नाही. व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ असेल तर वेगळं, तिथे इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक (व्हिडिओचं काम वेगाने करणारी सोय) बऱ्याच जणांना उपयोगी पडतं, म्हणून एडिटर कुठलं सॉफ्टवेअर वापरतो ते नावानिशी लिहून घ्या.

घोडं अडतं ते मागे जोडलेल्या वस्तूंवर. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचा टोकन, हॉटेलच्या काउंटरवर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कुठे सीरियल पोर्टवरचा वजनकाटा. इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीच्या, क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉप २०२४ पासून बाजारात आहेत, बॅटरी चांगली देतात, साधी सॉफ्टवेअरं अनुवाद करून चालवतातही, पण ड्रायव्हरचं तसं नाही, तो त्याच जातीच्या प्रोसेसरसाठी मुद्दाम बनवलेला लागतो. टोकनचा नाहीतर प्रिंटरचा तसा ड्रायव्हर त्या कंपनीने काढला नसेल तर ती वस्तू त्या लॅपटॉपवर चालणारच नाही. म्हणून तिसरा पर्याय म्हणून त्याचा विचार करायचा तर आधी प्रत्येक जोडवस्तूचा ड्रायव्हर आहे का ते बघा.

तपासा: विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलची ८वी पिढी किंवा एएमडीचं रायझन २००० किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे 'जुनं चांगलं आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याचा प्रोसेसर यादीत आहे का ते आधी बघायचं.

पायरी २: नग, तारीख, आणि पुढच्या वर्षीचे नग

तीस मशीन म्हणजे तीस नसतात. एक-दोन स्पेअर धरा, आणि गिऱ्हाइकाला सरळ विचारा की पुढच्या वर्षी अजून दहा घेणार काय. घेणार असेल तर आज जे निवडाल तेच वर्षभराने मिळायला हवं, नाहीतर एकाच लॅबमध्ये दोन जातीची मशीनं, दोन ड्रायव्हरचे संच, दोन इमेज (विंडोज आणि सॉफ्टवेअर घातलेली तयार प्रत), आणि लॅबच्या टीचरचा फोन तुम्हालाच. ऑफिसांसाठी दोन्ही कंपन्यांच्या वेगळ्या मालिका असतात, इंटेलची व्हीप्रो आणि एएमडीची प्रो. इंटेल तिच्या स्थिरता योजनेत निदान १५ महिने हार्डवेअरमध्ये बदल करत नाही, एएमडी प्रो मालिकेला १८ महिने सॉफ्टवेअरची स्थिरता आणि २४ महिने उपलब्धता असं नियोजन सांगते. मोठ्या ऑफिसची टप्प्याटप्प्याने येणारी ऑर्डर असेल तर हे बघाच, शाळेच्या लॅबला त्याचा जास्तीचा खर्च करू नका.

तारखेचं तर विचारूच नका. गणेश चवथीच्या आधी डिलिव्हरी द्यायचा शब्द दिलात की माल निदान पंधरा दिवस आधी दुकानात पाहिजे. पावसात कोकण रेल्वे मॉन्सूनच्या वेळापत्रकावर हळू चालते, घाटात दरड आली की ट्रान्सपोर्टवाला हात वर करतो, आणि पार्सल ओलं झालं तर त्याचा वाद वेगळाच.

इशारा: माल कमी पडला की झळ आधी लहानांना बसते. २०१८ च्या शेवटापासून इंटेलकडे १४ नॅनोमीटरच्या (तेव्हाच्या बनावटीच्या) प्रोसेसरांची ओढाताण झाली, महागड्या प्रोसेसरांना आधी जागा मिळाली आणि स्वस्तातले मिळेनासे झाले, नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने गिऱ्हाइकांची जाहीर माफीही मागितली. त्या वेळी ज्या मेकरांकडे एएमडीचं बोर्ड आधीच तपासून तयार होतं ते निभावले. आपणही तेवढं करू शकतो, सातवी पायरी त्याचीच आहे.

पायरी ३: प्रोसेसरचा रेट बाजूला ठेवा, पूर्ण संच मांडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी सॉकेट ७ च्या (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) जमान्यात इंटेलचा पेंटियम काढून त्याच बोर्डात एएमडीचा के६ बसवता यायचा. आता तसं काही राहिलेलं नाही, एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात बसतच नाही, म्हणजे प्रोसेसर निवडलात की बोर्ड, रॅमची जात, बऱ्याचदा कूलर आणि विंडोजची इमेजसुद्धा निवडून झाली. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट, त्यात डीडीआर४ वाली बोर्डं मिळतात आणि डीडीआर५ वालीही, पण सहसा एका बोर्डात एकच जात, दोन्ही नाही. त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० ला एलजीए १८५१, फक्त डीडीआर५. एएमडीकडे एएम४ म्हणजे फक्त डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५.

एका कागदावर दोन रकाने करा, प्रत्येकात प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कूलर, जीएसटी, वाहतूक. ट्रे पीसमध्ये (बॉक्सशिवाय सुटा येणारा प्रोसेसर) कूलर येत नाही हे विसरून पोरं रकाना स्वस्त करून बसतात. समजा प्रोसेसर ८०० रुपयांनी स्वस्त आणि त्याचं बोर्ड १,२०० नी महाग, तर तीस मशीनला १२,००० तुमच्याच खिशातून गेले. रॅमचा तर आता भरवसाच नाही, २०२५ च्या उत्तरार्धात दर असे चढले की सहा महिन्यांपूर्वीचा हिशोब फाडून टाकावा लागला, आणि डीडीआर४ स्वस्त असणार हे गृहीतही धरता येत नाही. ज्या दिवशी कोटेशन देणार त्या दिवशीचा रॅमचा रेट घ्या.

आता आमच्या गोव्याची गोष्ट. इथे प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतं. किनाऱ्याजवळच्या ऑफिसात खारी हवा, पावसात चार महिने दमट, त्यात करंट जातो-येतो. मोरजीच्या एका हॉटेलातून आलेलं बोर्ड मी उलटं केलं तर यूएसबीच्या पायांवर हिरवं चढलेलं, लॅन पोर्टची पितळी टोकं काळी पडलेली, आणि प्रोसेसर पुसून दुसऱ्या बोर्डात घातला तर पहिल्या झटक्यात चालू. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो, तीन-चार वर्षांनी या सॉकेटचं नवं नाहीतर चांगलं जुनं बोर्ड मिळेल काय? एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय, एलजीए १७०० वर डेस्कटॉपच्या नव्या पिढ्या आता येत नाहीत, पण त्याची बोर्डं बाजारात इतकी पडलीयत की जुनी मिळत राहतील असं मला वाटतं. 'पुढे अपग्रेड करता येईल' या मुद्द्याला मी फार किंमत देत नाही, शाळेने लॅबचे प्रोसेसर बदललेले मी आजवर बघितले नाहीत. बोर्ड बदलून मिळणं महत्त्वाचं.

तपासा: बोर्ड बदललं की विंडोजचं ओईएम (मशीनसोबत आलेलं) लायसन्स अडू शकतं. बोर्ड वॉरंटीत बदललं तर लायसन्सचं काय, हे गिऱ्हाइकाशी आधीच बोलून ठेवा.

पायरी ४: मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

एकदा २८ मशीनचा माल मुंबईहून रात्रीच्या बसने मागवला. डीलरने फोनवर सांगितलं, 'साहेब, सेमच आहे, थोडा स्वस्त पडतो, पाठवतो.' सकाळी म्हापशाच्या स्टँडवर पार्सल घेतलं, दुपारपर्यंत पहिली चार मशीनं उभी केली. पंखा फिरतो, लाइट लागते, स्क्रीन काळी. रॅम बदलली, केबल बदलली, मॉनिटर बदलला, तीन तास गेले. मग पोराने बॉक्स उजेडात धरला आणि म्हणाला, 'काका, नंबराच्या मागे एफ आहे.' एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, डिस्प्ले कार्डाशिवाय चित्रच येणार नाही. चार बॉक्स फोडलेले, डीलर ते घेईना, बाकीचे परत जाऊन दुसरे यायला अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत मी गिऱ्हाइकाला काय काय सांगितलं ते मला अजून आठवतं, आणि वाईट वाटतं.

तर अक्षरं अशी वाचायची. इंटेलमध्ये एफ असेल तर ग्राफिक्स नाही, के असेल तर ओव्हरक्लॉकचा आणि सोबत कूलर नसतो. एएमडीच्या एएम४ मध्ये ग्राफिक्स पाहिजे तर जी हवाच, म्हणजे ५६००जी मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही, ५५०० मध्येही नाही. एएम५ मध्ये रायझन ७६०० सारख्यात साधं ग्राफिक्स असतं पण ७५००एफ आणि ८४००एफ मध्ये नाही.

मोठा आकडा म्हणजे नवा माल असंही धरू नका. आय३ १२१००, १३१०० आणि १४१००, तिन्ही ४ कोअर ८ थ्रेड, फरक क्लॉकचा, मग ज्याचा संच स्वस्त तो घ्या. लॅपटॉपमध्ये तर अजून सांभाळून, एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, ७५२०यू झेन २ आहे, ७५३०यू झेन ३ आणि ७५४०यू झेन ४, नावं सख्ख्या भावांसारखी पण आतला माल वेगवेगळ्या पिढीचा. टेंडर असेल तर त्यात काय शब्द आहेत ते ओळ न ओळ बघा, नुसतं 'आय५ किंवा समतुल्य' लिहिलं असेल तर समतुल्य कशावरून ठरवणार ते बोली भरायच्या आधी लेखी विचारा.

पायरी ५: माल कुठून, बिल कसं, वॉरंटी कोणाची

बॉक्स पीसला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी. ट्रे पीस मशीन बनवणाऱ्यांसाठी असतो, त्याची वॉरंटी ज्याने विकला त्याच्याकडून घ्यायची, म्हणजे तो डीलर उद्या फोन उचलणार काय यावर तुमची वॉरंटी. इम्पोर्ट पीस अजून स्वस्त मिळतो, माझ्यापुरतं मी लॉटमध्ये तो घेत नाही.

डिस्ट्रिब्युटरला एवढं लेखी विचारा: वॉरंटीचा माल पणजी किंवा मडगावात कुठे घेतात की मुंबई-पुण्याला पाठवायचा, पाठवायचा खर्च कोणाचा, बदली यायला किती दिवस. बिलावर १८ टक्के जीएसटी नीट लावलेला आणि प्रत्येक नगाचा सीरियल नंबर पाहिजे, सीरियल नसलेलं बिल वॉरंटीच्या वेळी उपयोगाचं नाही. हे सगळं दोन्ही बाजूंच्या पुरवठादारांना विचारायचं आणि उत्तरं त्याच कागदावर रेटच्या खाली लिहायची. बऱ्याच वेळा निवड इथेच होऊन जाते, एकाची उत्तरं व्हॉट्सॲपवर तासाभरात येतात आणि दुसरा चार दिवस 'बघून सांगतो' करत राहतो.

पायरी ६: एक-एक सॅम्पल घ्या आणि मे महिन्यातल्यासारखं तपासा

दोन्ही संचांचं एकेक मशीन विकत घ्या. ऑर्डर मिळाली नाही तरी ती विकली जातात, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

जोडताना दोन गोष्टींनी लोक घाबरतात. एक, बोर्ड जुन्या बायोसचं (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर नवा प्रोसेसर ओळखत नाही, सुरुवातीच्या एच६१० आणि बी६६० बोर्डांवर इंटेलची १३वी-१४वी पिढी तशीच, एएमडीच्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० तसंच. बोर्डावर फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हने अपडेट होतं, नसेल तर जुना एक प्रोसेसर हाताशी लागतो. दुसरं, एएम५ चं मशीन पहिल्यांदा चालू केलं की रॅमची जुळवणी करत काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतं. तेवढ्यात बंद करू नका, चहा घेऊन या.

मग चाचणी. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टच्या पूर्ण फेऱ्या रात्रभर, नंतर प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं ओसीसीटी किंवा प्राइम९५ काही तास, बाजूला एचडब्ल्यूइन्फोवर तापमान बघत. एसी बंद, दार बंद, केस बंद करून. शाळेच्या लॅबमध्ये एसी नसतो आणि बंद केसमध्ये तापमान वेगळंच येतं. ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर ६५ वरच थांबतो असं नाही, आय५ १२४०० टर्बोत ११७ वॅटपर्यंत जातो, ६५ वॅटचे एएम४ वाले साधारण ८८ पर्यंत. म्हणून भिंतीच्या सॉकेटवर वॉटमीटर लावून रिकामं, रोजचं काम आणि पूर्ण लोड असे तीन आकडे लिहा. रोजच्या कामात २० वॅटचा फरक निघाला तर ३० मशीन, ८ तास, २२ दिवस म्हणजे महिन्याला १०५ युनिटच्या वर जातात, हा हिशोब गिऱ्हाइकाला दाखवला तर तो ऐकतो. यूपीएसही पूर्ण लोडच्या आकड्यावरच ठरवायचा.

ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच वापरणार असाल तर रॅम दोन काड्यांत घाला, १६ ची एक घालण्यापेक्षा ८ च्या दोन, फरक डोळ्यांना दिसतो. शेवटी पायरी १ चा कागद काढून गिऱ्हाइकाचा खरा प्रिंटर, खरा टोकन, खरं सॉफ्टवेअर त्याच्याच ऑफिसात नेऊन चालवून बघा.

इशारा: १३व्या-१४व्या पिढीच्या जास्त वॅटच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत मशीन मध्येच कोसळायच्या तक्रारी आल्या होत्या, इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिलं आणि त्या बॉक्स प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षं वाढवली. आय३ ला याची झळ नाही, पण आय७ किंवा आय९ घेत असाल तर नवा बायोस घातल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाकडे न्यायचं नाही.

पायरी ७: आता भाव करा

इंटेलच्या यादीत लिहिलेला दर हजार नगांच्या हिशोबाचा असतो, तो दाखवून तीस नगांवर भांडू नका. तुमच्याकडे दोन तपासलेले संच आहेत हेच तुमचं बळ, आणि ते खरं असेल तरच डीलर नरमतो. नुसत्या प्रोसेसरवर सूट मागण्यापेक्षा बोर्ड आणि रॅम एकत्र धरून मागा, एक स्पेअर बोर्ड त्यातच मागा. कोटेशन किती दिवस टिकणार ते लिहून घ्या, हल्ली दोन-तीन दिवसांच्या पुढे कोणी बांधून घेत नाही.

एका लॉटमध्ये मात्र एकच जात. अर्धे इंटेल अर्धे एएमडी करून 'रिस्क वाटली' म्हणणारे आहेत, त्यांची इमेजही दोन आणि स्पेअरही दोन होतात. दुसरी जात पुढच्या ऑर्डरला, त्या डीलरचं खातं चालू ठेवायचं, त्याच्याकडून अधूनमधून पाच-दहा नग उचलत राहायचं, आणि तपासलेल्या दुसऱ्या संचाची इमेज हार्ड डिस्कवर जपून ठेवायची.

पायरी ८: लॉट आल्यावर

फोडायच्या आधी प्रत्येक बॉक्सचा नंबर कागदाशी जुळवा आणि मोबाइलवर फोटो घ्या, नग कितीही असोत. बोर्डाचं रिव्हिजनही बघा, कधीकधी नाव तेच आणि लॅनची चिप वेगळी येते, मग आधीच्या इमेजवर नेट लागत नाही.

इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डात पिना बोर्डावर असतात, त्यांचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, झाकण नसेल किंवा पीन वाकलेली असेल तर बोर्डाची वॉरंटी नाकारतात. माझ्याकडे झाकणांचा एक बिस्किटाचा डबाच भरलेला आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलर काढताना तो पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात, म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

सगळ्या मशीनांवर निदान रात्रभर लोड ठेवा, मग वहीत मशीन नंबर, प्रोसेसरचा सीरियल, बोर्डाचा सीरियल, बायोस कुठलं आणि बिलाचा नंबर एका ओळीत लिहा. तोच कागद केसच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि खारी हवा असेल तिथे प्लास्टिकच्या पाकिटात घालून चिकटवा, नाहीतर दोन पावसाळ्यांनी अक्षर वाचता येत नाही.